प्यूजो ४०४, मुक्काम बंदर

मार्सेय, ४ फेब्रुवारी १९९४

ती. बाबांस नौफलचा आदराचा सलाम वि. वि.

पत्र ताई वाचून दाखवील. तिला सांगा, मधे स्वतःचं काही घुसवायचं नाही.

बाबा, गाडी मिळाली. तुमचीच. म्हणजे ती नव्हे, तिची सख्खी बहीण. प्यूजो ४०४, लांब पाठीची, तीन रांगांची, गियर स्टिअरिंगखाली. एका खेड्यात फरशी बसवायला गेलो होतो. घरमालकीण म्हातारी, नवरा वारलेला, गोठ्यात गाडीवर कोंबड्या बसलेल्या. मी बोनेट पुसत राहिलो, तर म्हातारी म्हणाली की फरशी बसवायला आलास की सोयरीक जमवायला. मी म्हटलं सोयरीकच समजा, माझ्या बापाची. ती एवढी हसली की भाव निम्म्यावर आला.

आई आजारी पडली तेव्हा तुम्ही वडापची गाडी विकलीत आणि नंतर कुठल्याच गाडीला हात लावला नाहीत. दिवसभर भिंतीला पाठ लावून बसता, कोणी विचारलं तर नुसतं ‘हं’ करता, असं ताई लिहिते. ते ‘हं’ मला इथं खोलीत ऐकू येतं. तुम्ही पुन्हा झर्झिस-स्फाक्स रस्त्याला लागलात की मला बाकी काही नको.

मला येता येणार नाही. राहण्याचं कार्ड नवं व्हायचंय, तोवर हातात नुसती पावती. देशाबाहेर पडलो तर परत घेणार नाहीत. म्हणून गाडी एकटीच बोटीत घालतो. कागद पोस्टाने येतील.

तुमचाच,
नौफल

झर्झिस, २ मार्च

चि. नौफल यास मबरूकाताईचे अ. आ.

पत्र जसंच्या तसं वाचलं. सोयरिकीपाशी मी थांबले, तर बाबांनीच डोळे वटारले, वाच म्हणून. मग हसले. मिशीतल्या मिशीत, पण हसले.

बातमी गल्लीभर झाली. मन्सूरकाका दारात येऊन म्हणाले की लोकांची पोरं जर्मनीहून चकचकीत गाड्या आणतात, आणि मिलादच्या पोराने स्वतःपेक्षा वयाने मोठी आणली. त्यावर बाबांनी विचारलं की तुझ्या पोराच्या गाडीत चार माणसं बसतात, माझ्या गाडीत आठ. उरलेल्या चौघांना तू काय दोरीने बांधून नेणार? दोन वर्षांत एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून आलं नव्हतं.

काल दाढी केली. कोपऱ्यावर जाऊन पेट्रोलचा भाव विचारून आले. घरी वाटलेलं लाल मिरचीचं हरीसा पाठवतेय, एकटाच संपवू नकोस. पण तिथं तुझ्याबरोबर खाणार तरी कोण?

तुझी ताई

झर्झिस, ६ एप्रिल

चि. नौफल यास अ. आ.

गाडी ट्युनिसच्या बंदरात अडकली. आम्ही दहा तास बसने गेलो. तिथल्या साहेबाचं म्हणणं, परदेशात राबणाऱ्याची गाडी त्याच्या पासपोर्टावर चढते, खोक्यासारखी पाठवता येत नाही. मालकाने स्वतः यायचं, शिक्का घ्यायचा आणि गाडी त्यानेच चालवायची. बापानेसुद्धा नाही. तीन महिन्यांत आला नाही तर लिलाव.

अरे येड्या, दर उन्हाळ्यात सगळे गाडीबरोबर येताना बघत मोठा झालास. एकाला तरी विचारायचंस.

बाबा पुन्हा भिंतीला टेकलेत.

ताई

मार्सेय, १५ एप्रिल

ती. बाबांस सलाम वि. वि.

मी येतो. कार्ड गेलं चुलीत.

इथं काय सोडायचंय? एक खाट, एक खिडकी, समोर भिंत. कामावर मला ‘ए फरशी’ म्हणतात. आठवडा आठवडा माझं नाव कोणाच्या तोंडात येत नाही. गाडी मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा.

नौफल

झर्झिस, ३ मे

चि. नौफल यास अ. आ.

बाबा सांगतात, मी लिहिते.

येऊ नकोस. वडापवाला उतारू होऊन गावात शिरत नाही. गाडीपायी आलास तर तोंड बघणार नाही. माझ्यासाठी यायचं असेल तेव्हा कार्ड खिशात घालून ये, पायी आलास तरी चालेल. गाडी परत पाठवली.

आता माझं. परवा बाबा मला घेऊन पुन्हा बंदरावर गेले. साहेबाने नाव विचारलं आणि एकदम उठून उभा राहिला. शाळकरी असताना स्फाक्सला बाबांच्याच गाडीत मागच्या रांगेत बसून जायचा, आणि दर फेरीला ओकायचा म्हणे. बाबांना चेहरा आठवेना, ओकारी आठवली. त्याने किल्ली हातावर ठेवली. म्हणाला की शेडपासून बोटीपर्यंत दोनशे पावलं आहेत आणि तेवढ्यात पासपोर्ट बघायला त्याला वेळ नाही.

बाबांनी शेडला तीन वळसे घातले. मग बोटीत नेऊन लावली. उतरले ते माझ्याकडे न बघता पुढे चालू लागले.

ताई

मार्सेय, २२ मे

ती. बाबांस सलाम वि. वि.

गाडी पोचली, सुखरूप. दार उघडून बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगवर आदळले. सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढलेली. तुम्ही माझ्या खांद्याला लागता, हे मी विसरलोच होतो.

मागे सरकवायला दांडीला हात घातला, आणि काढून घेतला.

दर रविवारी तशीच चालवतो, गुडघे फाकवून, समुद्रापर्यंत. शेजारच्या खोल्यांतले हसतात, सीट सरकव म्हणतात. मी सांगतो, अडकलीये.

ताईला सांगा, हरीसा अजून उरलंय. माझ्यावर आहे ती माया आटू देऊ नका.

तुमचा,
नौफल