पहिल्या पाळीचं गेट

देवळा, दि. २० ऑगस्ट १९९८

ती. भिमाजीबुवांना मल्हारीचा दंडवत.

चौदा दिवस हे पत्र टाळलं. पहिलं कार्ड खिशात भिजलं, दुसरं कोरंच राहिलं. मी मामाकडे कांदाचाळीतला सडका माल निवडतोय. यंदा भाव चढलाय आणि माल सडलाय, म्हणून मामा दिवसभर देवाला शिव्या घालतो. तुम्ही असता तर त्याच्याशी भांडला असता. असो, भरकटलो.

जेलात टाळ घेऊ देतात का? मी हमीपत्रावर सही करून त्याच दिवशी सुटलो, तुम्ही नाही केलीत. कोर्टात म्हणालात म्हणे, "देव सगळ्यांत आहे, मग बॉम्ब टाकायचा कुणावर?" पेपरात त्याच्या तीन ओळी आल्या. मे महिन्यात अणुस्फोटाचे पेढे वाटणाऱ्यांनी त्याही वाचल्या नसतील.

सहा तारखेचं लिहायचंय. सातपूरच्या त्या कारखान्यात क्षेपणास्त्राचे भाग होतात म्हणून आपण पाच जण भजन म्हणत गेटवर आडवे झालो. झोपलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी ओलांडत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. खरंच, पहिल्या पाळीची शंभरेक माणसं थांबली. एक जण चप्पल काढून पाया पडला. वॉचमन म्हणाला, "बुवा, कूस तरी बदला." मला वाटलं, जमलं.

मग ती माणसं आत कशी घुसली, हे तुम्ही पोलिसांच्या गाडीत विचारत होतात. मी खिडकीबाहेर बघत होतो.

माझ्या बाजूने घुसली, बुवा. माझा थोरला भाऊ संतोष तिथे ठेकेदाराकडे कामाला, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तो वाकून म्हणाला, "मल्हाऱ्या, पाय घे. खाडा झाला तर काढतील मला. पोरगी दोन महिन्यांची हाय."

मी पाय पोटाशी घेतले. वीतभर. तो गेला, त्याच्यामागे बाकीचे. जागा पुरेना तेव्हा तुम्हाला ओलांडून गेले. तुम्ही डोळे मिटून भजन म्हणतच होतात.

आपल्यामुळे तिथला एक नट-बोल्टही थांबला नाही. पण एक घर वाचलं, एवढं धरून मी बसलो होतो.

थांबा, मामा ओरडतोय, "तुना भाऊ उना!"

संतोष आलाय. बायको, पोरगी, पत्र्याची पेटी, सगळंच आलंय. ज्याचा भाऊ गेटवर झोपतो तो नको, म्हणाला ठेकेदार. पत्र कुणाला ते संतोषने विचारलं. म्हणाला, "बुवांना माझं नाव नको कळवू."

लिहून झालंय. खोडत नाही.

तुमचा म्हणवत नाही, नुसताच
मल्हारी