गॅरेजात मावणारी बोट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा तसबिरींना काच व चौकट बसवण्याचा (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणाच्या दडपणाखालीही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर आहे का, हे कायदा विचारत नाही, म्हणून मीही त्याबद्दल काही लिहीत नाही.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात जे काही होते ते सगळे माझ्या धाकट्या बहिणीला दिले होते. ती माझ्याआधी गेली. तरी ते रद्द समजावे.

एक. राहते घर, म्हणजे खाली गॅरेज आणि वर तीन खोल्या, माझ्या भाचीला, भावाच्या मुलीला, मिळावे. तिला राहायचे नसेल तर खुशाल विकावे. आत्यांच्या आठवणी म्हणून कोणी ओल आलेल्या भिंती पोसू नयेत.

दोन. दुकानातली हत्यारे, चौकटी कापायची करवत आणि काच कापायचा हिरा, माझ्या हाताखाली काम करून आता स्वतःचे दुकान चालवणाऱ्या बाईला द्यावीत. हिरा तिने दुसऱ्या कोणाला वापरायला देऊ नये. त्याला एका हाताची सवय लागते. हे मी तिला बोलून दाखवले आहे आणि तिने नेहमीप्रमाणे "हो हो" म्हटले आहे, म्हणून इथे पुन्हा लिहिते.

तीन. बँकेतली शिल्लक सार्वजनिक तरणतलावाला द्यावी, जिथे धाकटीने आयुष्यभर पोहायला शिकवले. त्यातून पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या वयाच्या बायकांचा वर्ग चालवावा. लहान मुलांना शिकवायला सगळेच पुढे येतात.

चार. समोरच्या घरातल्या निवृत्त वकीलसाहेबांनी आमच्या बोटीच्या ट्रेलरमुळे रस्ता अडतो अशी नगरपालिकेकडे तक्रार केली होती. माझ्यामागे तो रस्ता मोकळा होईल. तेवढे माझ्याकडून त्यांना.

पाच. ॲल्युमिनियमची बोट, वल्ही आणि ट्रेलरसह. ही कोणाला द्यायची ते पुढे येईलच. आधी ती घरात कशी आली ते सांगायला हवे, नाहीतर घेणाऱ्याला कळायचे नाही की हातात काय पडले.

आमच्या वडिलांची एक लाकडी होडी होती. तळ्यावर मासे पकडायला ते आम्हा तिघा भावंडांनाही न्यायचे. मी काठावर बसायची, कारण मला पाण्याची भीती. वडील गेल्यावर मधल्याने, म्हणजे माझ्या पाठच्या भावाने, ती आम्हा दोघींना न विचारता विकून टाकली. धाकटी तेव्हा परगावी नोकरीला होती. सुट्टीत आली ती सामान दारात टाकून थेट तळ्यावर गेली आणि होडी बांधायचा रिकामा खुंट बघून परत आली. त्यानंतर ती मधल्याशी बोलली नाही. मीही नाही. ती मनापासून, आणि मी तिच्या बाजूने.

दोघींनी लग्नं केली नाहीत, एका घरात राहिलो. ती निवृत्त झाली त्या वर्षी एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "ताई, बोट घेऊ या."

"ठेवायची कुठे? माझ्या उशाशी?"

"गॅरेजात."

गॅरेजात एका भिंतीला माझ्या काचांची मांडणी, टोकाला कपडे धुण्याचं मशीन, वर पाण्याची टाकी. मी जमिनीवर खडूने बोटीची आकृती काढली. लांबी बसवली की रुंदी आडवी यायची, तिरकी घातली की दार लागायचं नाही. मी म्हटलं, काचा दुकानात हलवते. ती म्हणाली, "काचा हलल्या तर मला बोट नको. जागेत मावते तेवढीच घेऊ."

बोटी विकणारा गृहस्थ चांगला होता, पण त्याचं घोडं एकाच जागी अडलेलं. "बाई, चौदा फुटीच घ्या. सगळे चौदा फुटीच नेतात. बारा फुटी घेऊन पस्तावाल."

"सगळ्यांच्या गॅरेजात आमच्या ताईच्या काचा नसतात," धाकटी म्हणाली.

लाकडी बोट आता आपल्याच्याने उचलायची नाही, ॲल्युमिनियमची झेपेल, यावर आमचं एकमत होतं. बारा फुटांत सपाट तळाची एक हलकी होती. धाकटी गवतावर ठेवलेल्या त्या बोटीत चढली, डोळे मिटून डावी-उजवीकडे झुलली आणि उतरली. "शांत पाण्यात ठीक. वारा सुटला की ही लाटांवर आपटेल." मग तिला निमुळत्या तळाची हवी झाली. तशा दोन होत्या. एक हिरव्या रंगाची, नवी कोरी, मला फार आवडलेली. दुसरी बिनरंगाची, एका बाजूला पोचा आलेली. धाकटी दोन्हींच्या बसायच्या फळीखाली हात घालून बघत राहिली. हिरवीची फळी खालून बंद होती.

"ही दुसरी," ती म्हणाली. "हिच्या फळीखाली आरपार मोकळं आहे."

"कशाला हवंय मोकळं?"

"आमिषाच्या डब्याला."

"एवढा मोठा डबा? मासे धरणार आहेस की पाळणार आहेस?"

ती हसली, आणि वीत टाकून ती जागा पुन्हा मोजली. आयुष्यभर मापं घेतली ती मी. तिला वितीने काही मोजताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दांडा दुमडणाऱ्या ट्रेलरवरून आम्ही बोट घरी आणली. मी आत उभी राहून हात हलवत होते, ती बाहेरून ढकलत होती. दार खाली आलं, लागलं. "बसली!" ती रस्त्यात ओरडली. वकीलसाहेबांनी खिडकी उघडली ती तेव्हापासूनच. बोटीचं नावही तेच पडलं, बसली.

त्या हिवाळ्यात धाकटीला जिना चढवेना. फुफ्फुसं आखडत चालली होती आणि त्यावर उपाय नव्हता. प्राणवायूचा सिलिंडर घरी आला, तेव्हा तिने तो वर नेऊ दिला नाही. गॅरेजात गेली, धापा टाकत वाकली आणि बोटीच्या फळीखाली सरकवला. बरोब्बर बसला.

मी मशीनला टेकून उभी राहिले. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"बोट बघायला गेलो त्याच्या आधीपासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू मग दवाखाने शोधत बसली असतीस, ताई. मला बोट हवी होती."

पुढच्या उन्हाळ्यात मी वल्हवायला शिकले. ज्या बाईने तळ्यात कधी घोटा बुडवला नाही ती मी. ती समोर बसायची, नाकाला नळी, हातात गळाची काठी, आणि तरणतलावावरच्या मुलांना सांगायची तसं मलाही सांगायची, "घाबरायचं तर घाबर, पण श्वास सोड." वल्हवणाऱ्याची जायच्या दिशेला पाठ असते. त्याला समोर बसलेलं माणूस तेवढं दिसतं. सगळा उन्हाळा मी तळं पाहिलंच नाही. तिला पाहिलं.

मासे फार लागले नाहीत. लागलेला ओढायची ताकद तिच्यात नव्हती. मी ओढायची आणि ती गळ सोडवून त्याला परत पाण्यात घालायची. शेवटच्या फेरीत तिने काठी उचललीच नाही. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती.

"ताई, तू वल्हवतेस की धुणं आपटतेस? दादाचं वल्हं पाण्यात पडलेलं ऐकूही यायचं नाही."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडी 'दादा' आला नव्हता. मी विचारलं, "बोलावू त्याला?"

"बोलाव. पण आज नको. आज छान आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मधल्याला फोन केला. तो लगेच निघाला. तो वाटेत असतानाच ती गेली.

सगळं आटोपल्यावर पाहुणे वर चहा घेत होते, तेव्हा मधला दिसेना. तो खाली बोटीत बसला होता, अंगात काळा कोट, बूट तसेच. मला बघून उठला नाही.

"काय म्हणाली ती? नेमकं सांग, ताई."

मी वल्ह्याचं सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"रागात होती?"

"नाही रे. हसत होती."

त्याने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "बाबांची होडी मला काठावर बघवत नव्हती. रोज जाता-येता दिसायची. ते त्यात बसलेत असं वाटायचं."

"मग सांगायचं होतंस."

"तुम्ही दोघी विचारायला आलात कुठे?"

मी त्याच्या समोरच्या फळीवर बसले. दार बंद, जमिनीवर पुसट खडू, आणि आम्ही दोघं म्हातारी बोटीत. वरून कोणीतरी हाका मारत होतं. आम्ही ओ दिली नाही.

तर बोट, वल्ही व ट्रेलर माझ्या भावाला मिळावीत. मी त्याला माफ केले आहे असा याचा अर्थ नाही. ते धाकटीचे काम होते आणि तिला वेळ मिळाला नाही. पुढेमागे त्याला ती विकावीशी वाटली तर विकावी. मात्र आधी मुलीला विचारावे. तिने काहीही उत्तर दिले तरी चालेल. विचारावे.

सहा. धाकटीच्या खोलीतले कपडे मी अजून कोणाला दिलेले नाहीत. माझ्यामागे ते न उलगडता, न हुंगता, एकदम द्यावेत. मला ते जमले नाही.

सात. मी गेल्यावर "ताई आता धाकटीला भेटली असेल" असे कोणी म्हणू नये, निदान माझ्या घरात म्हणू नये. भेट होते असे मला वाटत नाही. तसे वाटले असते, तर हे वर्ष मी इथे काढले नसते.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड नाही. एका ठिकाणी शाई फुटली आहे, ती मान्य आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: नऊ ऑक्टोबर, धाकटीच्या मागे दुसऱ्या वर्षी.

लिहून ठेवणारी: (सही) ताई

आमच्यासमोर सही केली:
१. (सही) शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई
२. (सही) बोटी विकणारा. मी मजकूर वाचलेला नाही, फक्त सही करताना पाहिली. बाईंचा हात कापत नव्हता.