नाताळच्या वाचनासाठी चार कॅप

२७ नोव्हेंबर
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी चर्चच्या दारात गाठलं. म्हणाले, बाई, यंदा नाताळचं शास्त्रवाचन आराधनाला देऊ, तुम्ही निवांत बसून ऐका. आराधना म्हणजे माझी सून! मी हेडमास्तरीण होते तेव्हापासून ते वाचन माझं. कारण उघड आहे. माझे वरचे पुढचे चार दात झिजलेत, ‘स’ म्हणताना शिटी येते. सभ्य माणूस, तोंडावर कसं बोलेल?
निर्णय : नाताळच्या आत चारही दातांना कॅप. कुणाला सांगायचं नाही.

२९ नोव्हेंबर
आराधनाला सांगावं लागलं. देवळालीहून राहुरीला स्कूटर तीच चालवते.
दाताची डॉक्टर ज्ञानेश्वरी, माझीच विद्यार्थिनी. पाढे म्हणताना रडायची. आजही पोक काढून बसते; सांगितलं, ताठ बस. ती म्हणाली, बाई, तुम्ही झोपेत दात खाता, त्यानेच झिजलेत. अशक्य. माझं मन स्वच्छ आहे, मी शांत झोपते. तिने आराधनाला विचारलं. आराधना फरशीकडे बघत म्हणाली, भिंतीपलीकडे ऐकू येतं, आधी आम्हाला वाटायचं शेजारी गिरणी टाकलीय. दोघी हसल्या. मी म्हटलं, हसण्याची फी वेगळी आहे का?

४ डिसेंबर
दात घासून बारीक केले. आरशात चार लवंगा. वरून तात्पुरत्या कॅप. कडक खायचं नाही.
रंग निवडायला नमुन्यांची पट्टी दाखवली. ज्ञानेश्वरीने जरा पिवळट रंगावर बोट ठेवलं. मी सगळ्यात पांढरा निवडला. म्हणाली, बाई, बाकीच्या दातांत फार उठून दिसेल. म्हटलं, उठून दिसण्यासाठीच करतेय. तिने निमूट तोच रंग लिहून घेतला. वर्गातही असंच करायची.

९ डिसेंबर
बायबलमधल्या मेंढपाळांच्या उताऱ्याचा सराव. वाचन कसं असतं ते कळावं म्हणून आराधनालाही समोर बसवलं. ती शंकरपाळ्यांचं पीठ मळत होती. म्हणाली, मम्मी, मीही एकदा वाचून बघू? वाच म्हटलं. पोराला गोष्ट सांगावी तसं हळू वाचते. प्रत्येक ओळीला थांबवून सुधारलं. चौथ्या ओळीला पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेली. नंतर डोळे लाल दिसले. शंकरपाळ्यांत कांदा नसतो, पण असो.

१८ डिसेंबर
कॅप बसल्या! ‘स’ सुरीसारखा. ‘सुवार्ता’ अनेकदा म्हणून पाहिलं.
भांडी घासायला आलेली कडूबाई दारातच थबकली. अगं बया, म्हणाली, पुढचे चार नवरीवानी नटल्यात आन् बाकीचे वऱ्हाडी हायती का काय! तिला सौंदर्य कळत नाही. उद्यापासून चहा बंद.
रात्री दातांवर घालायला ज्ञानेश्वरीने प्लॅस्टिकचं कव्हर दिलंय. कपाटात टाकलं. जे मी करतच नाही त्याचा बंदोबस्त कशाला?

२१ डिसेंबर
पाळकसाहेबांच्या घरी मुद्दाम गेले. कॅप दिसाव्यात म्हणून बसल्यापासून उठेपर्यंत हसतमुख राहिले. त्यांनी पाहिल्या. छान, म्हणाले. त्यांच्या मिसेस आतून डोकावून परत आत गेल्या. वाचनाचा विषय निघाला नाही. लाजाळू आहेत. ऐन वेळी मलाच बोलावतील.
पांढरी साडी इस्त्रीला दिली.

२३ डिसेंबर
सकाळी जिभेला काहीतरी खडबडीत लागलं. डावीकडच्या कॅपचा टवका उडालाय. दोष आराधनाच्या शंकरपाळीचा. काल रात्री तीन खाल्ल्या, त्या कडक झाल्यात हे तिला सांगता यावं म्हणून. ज्ञानेश्वरीला फोन केला. तिने पहिलं काय विचारावं? बाई, रात्री कव्हर घातलं होतं का? गृहपाठ विचारावा तसं. फोन ठेवून दिला. वाचायला तीन कॅप पुरेत.

२५ डिसेंबर
पहिल्या बाकावर बसले. शास्त्रवाचनाची वेळ झाली. कुणी नाव घ्यायच्या आत उठले, मेजाशी जाऊन पुस्तक उघडलं. पाळकसाहेब जवळ आले. हळूच म्हणाले, बाई, आराधना वाचणार आहे. मी म्हटलं, आता दातांची अडचण नाही, शिटी गेली. ते म्हणाले, दातांबद्दल कुणी कधी बोललंच नव्हतं, बाई. गेल्या नाताळला तुम्ही वाचन थांबवून शलमोनच्या पोराला, मधे खोकलं म्हणून, सगळ्यांसमोर उभं केलंत. ते कुटुंब चर्चला यायचं बंद झालं. बाकीचे तुमचं वाचन संपेपर्यंत बाहेर चिंचेखाली थांबतात. यंदा शलमोनला मी हात जोडून बोलावलंय.
ते अगदी हळू बोलत होते. पण माइक चालू होता.
कुणी हसलं नाही. हसले असते तर दम तरी देता आला असता.
खाली येऊन बसले. आराधना वाचायला उभी राहिली. आवाज तसाच हळू. दाराशी उभे असलेले पुरुष आत येऊन बसले. मधेच शलमोनचं पोर खोकायला लागलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आराधना थांबली. त्याचं खोकून होईपर्यंत वाट पाहिली, त्याच्याकडे बघून हसली आणि पुढची ओळ वाचली.
शेवटी सगळे आमेन म्हणाले. मी तोंड उघडलं नाही.