जुन्या पत्त्यावरचा मी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजींनी जिना चढायला बंदी केली होती, ती तू पाळत नसशीलच, म्हणून उत्तराची वाट न बघता पुढे लिहितो. इकडे आम्ही तिघं खुशाल. (हा शब्द पत्र संपेपर्यंत तसाच धरून चाल, मग हवा तर खोड.)

आम्ही घर घ्यायचं ठरवलंय हे तुला फोनवर कळलंच आहे. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघरात उजेड इतका की ही ओट्यापाशी उभी राहून बराच वेळ नुसते स्वतःचे हात बघत होती. सध्याच्या भाड्याच्या घराच्या मालकाने जागा तीन महिन्यांत रिकामी मागितली आहे. मी जन्मभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासल्या, एका काचेचा नंबर कधी चुकला नाही, तेव्हा मला कर्ज नाकारणारी बँक अजून जन्मायची आहे, अशा तोऱ्यात इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

कर्जाच्या टेबलावरच्या बाई फार हळू बोलतात. आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखं वाटतं, आणि आजारी आपणच आहोत हे थोड्या वेळाने लक्षात येतं. त्यांनी माझी माहिती भरली आणि यंत्रातून चार पानं बाहेर आली. ताई, त्या पानांत मी होतो. आजवर जिथे जिथे राहिलो ते पत्ते ओळीने, मी स्वतः विसरलेला फोन नंबर, आणि जुन्या घरी असताना हप्त्यांवर घेतलेला तो फ्रिज. बाईंनी पेन्सिलीचं टोक फ्रिजवर ठेवलं. शेवटचे पाच हप्ते चुकले होते. त्यातले दोन उशिरा आले, तीन अजून यायचे होते.

(झालं होतं असं: मी नोकरीचं दुकान बदललं, तसं पगाराचं खातंही बदललं. हप्ता मात्र जुन्या खात्यातून आपोआप कापला जायचा आणि त्यात पैसे उरले होते नावापुरते. त्याच महिन्यात घर बदललं, फोनही बदलला. हप्ते थांबले म्हणजे कर्ज फिटलं, असं मी खुशाल धरून चाललो.) मी म्हटलं, बाई, रक्कम केवढीशी आहे. त्या म्हणाल्या, आम्ही रक्कम नाही बघत, सवय बघतो. चुकलेला हप्ता नंतर भरला तरी त्याचा डाग काही वर्षं तिथेच राहतो, फक्त जुना होत जातो. मी घाबरून त्याच आठवड्यात आणखी तीन बँकांत अर्ज टाकले. तिथे कळलं की प्रत्येक अर्जाचीही नोंद होते, आणि चार दारं ठोठावणारा माणूस पाचव्या दारातल्याला अडलेला दिसतो. म्हणजे मी माझी सुटका करायला गेलो आणि गाठ घट्ट करून आलो.

मग फ्रिजवाल्या कंपनीच्या कचेरीत गेलो. थकलेले तीन हप्ते दंडासकट भरले, आणि काही बाकी नाही अशा पत्रासाठी बसलो असताना कारकुनाला म्हटलं, एकदा तरी माणूस पाठवायचा होतात. त्याने फाईल माझ्याकडे फिरवली. त्यांचा वसुलीवाला माझ्या जुन्या घरी पाच वेळा गेला होता. दर वेळी लिहिलेलं होतं: कर्जदार घरी. तब्येत बरी नाही. पुढच्या महिन्यात भरतो म्हणाला. दोनदा दारात रोख रक्कमही दिली होती. मी म्हटलं, मी तिथे तीन वर्षं राहत नाही. कारकून म्हणाला, "अहो, तुम्हीच तर बोललात त्याच्याशी." आणि माझ्याकडे असा बघायला लागला, की मी सही करताना नाव दोनदा तपासलं.

दुपारी तसाच जुन्या घरी गेलो. तिसरा मजला, जिन्याला तोच वास. दारावर माझ्या नावाची पाटी होती, पुसून लखलखीत केलेली. मी माझ्याच दाराची घंटी वाजवली. एका वयस्क बाईंनी दार अर्धं उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "ते झोपलेत."

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी जरा वेळ निरखलं आणि आत घेतलं. (घाबरल्या असतील म्हणशील, तर मुळीच नाही. पाहुणा उशिरा आल्यावर बायका बघतात तशा बघत होत्या.) या त्या घराच्या मालकाच्या बहीण. आम्ही गेल्यावर इथे एकट्या राहायला आल्या. माझी आलेली सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून ठेवलेली. खुंटीवर माझा विसरलेला करडा शर्ट, धुतलेला. एकटी बाई राहते म्हटलं की दारात कोणीही पाय रोवून उभं राहतं, म्हणाल्या, पुरुषाचं नाव असलेलं बरं. मग वसुलीवाला आला. नाव काढलं तर आपण उघड्या पडू, म्हणून त्यांनी त्याला दारात थांबवलं आणि स्वतः पडद्याआड गेल्या. दोनदा तो ओरडायला लागला तेव्हा स्वतःच्या पेन्शनमधून पैसे काढून दिले.

मी विचारलं, पण बोललं कोण? त्या तीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात ऑपरेटर होत्या, कानात दिवसभर लोकांचे आवाज. मी चावी द्यायला त्यांच्या भावाच्या घरी गेलो होतो आणि डिपॉझिटवरून त्याच्याशी अर्धा तास वाद घातला होता, तेव्हा त्या आतल्या खोलीत ऐकत होत्या. त्यांनी पदर सारखा केला, घसा खाकरला, आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात भरतो. जरा सांभाळून घ्या."

ताई, तो माझा आवाज होता. नुसता पुरुषी नाही, माझा. 'सांभाळून' म्हणताना मी अडखळतो तिथेच अडखळलेला. दुपारचे तीन वाजले होते, खाली कोणी गालिचा झटकत होतं, आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. रागवायचं ठरवून गेलो होतो, पण मला आधी त्यांचे आभार मानावे लागले, आणि मग पाणी मागावं लागलं. दोन हप्त्यांचे पैसे पुढे केले, तर घेतले नाहीत.

बँकेतल्या बाईंना सगळं सांगितलं (आवाजाचं सोडून). त्यांचं म्हणणं, पत्र जोडून नोंद दुरुस्त करून घ्या, एक वर्ष सगळं वेळच्या वेळी भरा, कुठेही नवा अर्ज करू नका, मग या. उजेडाचं स्वयंपाकघर दुसऱ्या कोणी घेतलं. ही त्या दिवशी फ्रिज उघडून बराच वेळ आत बघत राहिली.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. वर्षभरापुरती जागा मिळाली आहे. तोच तिसरा मजला, पुढची खोली. हे मी हिला अजून सांगितलेलं नाही. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. येत्या शनिवारच्या आत तिला फोन कर आणि कल्पना तुझीच आहे असं म्हण. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. भाड्याचं विचारलं तर बाई म्हणाल्या, ते आता नव्याने काय ठरवायचं, तुम्ही राहताच आहात की इथे.