धक्क्यावर उभी राहिलेली मुलगी

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. इथे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. म्हणजे अण्णांचा गुडघा अण्णांच्या मते बरा आहे आणि डॉक्टरांच्या मते नाही, तुझ्या वहिनीचा खोकला गेला, आणि तू वेळेवर जेवतेस असं आम्ही इथे गृहीत धरून चाललो आहोत. (चूक असल्यास कळव, म्हणजे वहिनी तुला स्वतः दोन शब्द लिहील.)

सगळ्यात आधी, मागच्या पत्रातलं माझं मत मी मागे घेतो. तुमच्या कंपनीचा अजून बाजारात न आलेला खेळ तू टीव्हीला जोडायच्या यंत्रासकट पाठवलास आणि सोबत लिहिलंस, "दादा, गोष्ट मी लिहिली आहे, अगदी सिनेमासारखी आहे, बघ आणि खरं ते सांग." मी वजनकाटे तपासणारा सरकारी माणूस. लिहून आलेलं मी तसंच धरतो. सिनेमासारखी म्हटल्यावर आम्ही पडदे ओढले, खुर्च्या मांडल्या आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनाही बोलावलं (त्यांना सिनेमातलं कळतं, असं ते स्वतःच सांगतात). सुरुवात झकास झाली. बोट लागली, आठ वर्षांनी गावी परतलेली ती मुलगी धक्क्यावर उतरली, टेकडीवरच्या बापाच्या घराकडे तिने एकदा पाहिलं आणि उभी राहिली. उभीच राहिली. मधूनच एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकायची, केस मागे सारायची, एकदा तर वळून थेट आमच्याकडेच बघितलं. पंचावन्न मिनिटं हे असंच. डॉक्टर हळूच म्हणाले, "दिग्दर्शकाच्या संयमाला मानलं पाहिजे." मी रोजनिशीची चार पानं भरली आणि त्याच भरात तुला कळवलं की घरी परतणाऱ्या माणसाची घालमेल इतक्या ताकदीने मी कुठेही पाहिलेली नाही, यातला एक क्षणही कापू नये. ते पत्र तुमच्या कचेरीत मोठ्याने वाचलं गेलं नसेल अशी आशा आहे.

चूक उघडकीला आली ती वहिनीमुळे. दुसऱ्या दिवशी धूळ पुसायला म्हणून तिने तो दोन मुठींचा रिमोट उचलला, आणि इतका वेळ गरिबासारखी उभी असलेली मुलगी सुसाट सुटली ती धक्क्यावरून थेट पाण्यात. वहिनी किंचाळली, मी ताडकन उभा राहिलो, आणि कोपऱ्यात आमच्याकडे पाठ करून पेपर वाचणारे अण्णा (ते पाहत नव्हते, हे ध्यानात ठेव) ओरडले, "अगं, ओढ तिला वर!" डॉक्टरांना हे कळल्यावर ते म्हणाले, मला शंका आली होतीच.

पुढे मी खेळ पूर्ण केला, आणि नियमाने केला. त्यातच सहा दिवस गेले. तुझी नायिका कुणाच्याही घरात न विचारता शिरते. मी तिला दरवेळी दारात थांबवायचो. आतून कुणी 'या' म्हणत नाही, मग आम्ही दोघं परत फिरायचो. मग वहिनीने सांगितलं की बापाच्या घराची किल्ली शेजारणीच्या कपाटाच्या खणात असणार, खेळात असंच असतं. मी म्हटलं, दुसऱ्याचा खण मी उघडणार नाही. "अहो, ते घर खोटं आहे!" घर खोटं असेल, पण खण उघडणारा अंगठा माझा आहे. (रात्री पडल्या पडल्या वाटलं, हा प्रामाणिकपणा की नुसता हट्ट? सकाळी पुन्हा वाटलं, प्रामाणिकपणाच.) शेवटी खण वहिनीने उघडला. मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होतो.

आता तो फोन. तुझा साहेब म्हणतो, शेवटचा फोनचा प्रसंग काढून टाक, लोकांना त्याचा त्रास होतो. आणि तू म्हणतेस, सोमवारपर्यंत ठरवायचं आहे, दादा सांगेल ते खरं. तर ऐक. मुलगी बंद दारासमोर उभी असते, खिशातला फोन वाजतो, नंबर बापाचा. पडद्यावर विचारतात, उचलायचा की नाही, आणि खाली दहा सेकंदांची रेघ झरझर आखडत जाते. इतका गंभीर प्रश्न! मी रोजनिशी उघडली, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे 'उचलावा', उजवीकडे 'उचलू नये' असं लिहिलं, आणि डावीकडचा पहिला मुद्दा लिहीत होतो तेवढ्यात फोन थांबला. वरच्या खिडकीतला दिवा गेला. पडद्यावर अक्षरं आली: तिने उचलला नाही.

मी म्हटलं, हा अन्याय आहे, मी नाही म्हटलंच नव्हतं, मी गप्प होतो.

तेव्हा मागून अण्णा कडाडले, "गाढवा, उचलायचा होता!" पेपर खाली पडला होता.

धाकटे, तू पक्की नोकरी सोडलीस त्या दिवशी अण्णा म्हणाले, गोष्टी लिहून कुणाचं पोट भरत नाही, आणि तू बॅग उचललीस. मी दारात उभा होतो, हातात चहाचा कप. तीन वर्षं मी असं धरून चाललो की त्या भांडणात मी कुणाचीच बाजू घेतली नाही. नंतर तू दोनदा अण्णांना फोन केलास, दोन्ही वेळा तो वाजत राहिला, आणि दोन्ही वेळा मी त्याच खोलीत होतो. तुझ्या खेळात गप्प बसणं हेही उत्तर धरतात. ते बरोबर आहे. तुझ्या खेळात फोन बाप करतो, हे तू मुद्दाम केलंस का, ते मी विचारणार नाही.

म्हणून माझं मत, आणि यावर मी खात्याचा शिक्का मारल्यासारखी सही करतो: फोन काढायचा नाही. वजन बरोबर आहे. त्रास होतो म्हणणाऱ्यांना होऊ दे. साहेबाला हे पत्र दाखव. (मागचं दाखवू नकोस.)

तुझा,
दादा

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. 'मी खेळ पूर्ण केला' हे अचूक नाही. त्या फोननंतर रिमोट माझ्या हातात राहिला नाही. अण्णा रोज दुपारी चार ते पाच खेळतात. कारण असं सांगतात की यंत्र वापरलं नाही तर बिघडतं. ते गावातला प्रत्येक खण उघडतात. म्हणे, तपासणी करायची तर नीट करावी. फोन आतापर्यंत त्यांनी अकरा वेळा उचलला आहे, एकदाही चुकवला नाही.

ता. क. दोन. वरचं मतही खरं तर त्यांचंच. दहा सेकंद योग्य आहेत, असं त्यांचं म्हणणं. स्टेशनमास्तर असताना त्यांनी त्याहून जास्त वेळ गाडी कुणासाठी थांबवली नाही. तक्रार एकच: "त्या म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा फोन लावायला काय झालं होतं? त्याचं बटण कुठे आहे?" मी सांगितलं की खेळात आपल्याला फक्त मुलगी चालवता येते, बाप नाही. त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग चष्मा शोधला आणि माझ्याकडून तुझा नवा नंबर कागदावर लिहून घेतला, मोठ्या आकड्यांत.

ता. क. तीन. हे सगळं पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच. रविवारी चार वाजता तुझा फोन वाजेल. यंत्राबद्दल काहीतरी विचारायचं आहे, असं ते म्हणतील. दहा सेकंद आहेत, धाकटे. विचार करत बसू नकोस, ते काम या घरात मी करतो.