याद वाचल्याशिवाय पंगत नाही

तीर्थरूप मल्लिकार्जुनअण्णा,

लातूरहून उमाचा शरणार्थ. गुडघा कसा आहे? डॉक्टरांचं पथ्य पाळत नसालच, म्हणून पुढचं विचारत नाही.

तुमच्या लेकीने, अक्षराने, नांदेडची वकिली सोडून परक्या देशांची धुणी धुवायला घेतली, असं तुम्ही अख्ख्या भावकीत सांगत फिरता. आता बसून वाचा. पृथ्वी तापतेय म्हणून सगळे देश परदेशात वाटाघाटीला जमलेत. बड्यांकडे वकिलांची फौज. समुद्रातल्या एका चिमुकल्या देशाची (उदगीरच्या बाजाराला याहून जास्त माणसं असतात) तिथं आलेली माणसं दोनच, आणि बैठका एकाच वेळी तीन खोल्यांत. अशांना अक्षराची संस्था कायद्याची मदत करते. परवा ती मदत माझ्या स्वयंपाकघरातून चालली होती, कारण घरात रेंज तिथंच येते.

आपल्या चहाच्या वेळी तिकडे जेवणाची वेळ झाली. अध्यक्षांनी चाळीस पानांचा मसुदा वाटला आणि म्हणाले, सगळ्यांना मान्य आहे ना, मग चला जेवायला. समुद्राने घरं गिळलेल्यांना भरपाई, हे दोन वर्षं भांडून मिळवलेलं कलम त्यात आहे का, हे बघायलाही सवड नाही. मला तुमचं लग्न आठवलं. देण्याघेण्याची याद न वाचताच पंगत बसली आणि ठरलेली स्कूटर कागदावर आलीच नाही. चाळीस वर्षं तुम्ही हेच दळताय. मी म्हटलं, "अगं, त्या बाबाला सांग, सगळी याद मोठ्यानं वाचल्याबिगर ताटाला हात लावू नको म्हणावं."

अक्षराने नियमाचा आधार जोडून तसं कळवलं. त्या चिमुकल्या देशाचा गृहस्थ हरकत घ्यायला उठला. मागोमाग आठ छोटे देश उठले. बड्यांचे चेहरे उतरले (कोट महागाचे असले तरी भूक आपल्यासारखीच). वाचन सुरू झालं. एकतिसाव्या पानावर कलम गायब. टायपिंगची चूक म्हणे. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत असल्या चुकीला छडी होती. तासाभरात कलम परत आलं, सर्वांदेखत वाचलं गेलं, मगच ताटं वाढली. तुमचं रडगाणं पहिल्यांदाच कुणाच्या कामी आलं, अभिनंदन.

तुमची धाकटी बहीण,
उमादेवी

ता.क. पुढच्या बैठकीला त्या देशाने अक्षराला सोबत बोलावलंय. तिचा पासपोर्ट तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलाय. शेजारचे कलीमभाई शुक्रवारी नांदेडला येतील, त्यांच्या हाती मुकाट्याने द्या.

आणखी एक ता.क. स्कूटर तुमच्या सासऱ्यांनी बुडवली नाही. माझं अक्षर वळणदार म्हणून याद लिहायला बाबांनी मलाच बसवलं होतं. मुलीच्या बापाकडून स्कूटर उकळणं मला पटलं नाही, म्हणून ती ओळ मी गाळली आणि पंगतीची घाईही मीच केली. वहिनींना हे पहिल्या दिवाळसणापासून ठाऊक आहे.