सूर्य आज तुळेत

५ नोव्हेंबर, दिवेआगर

आज केतनचा वाढदिवस. सकाळी ह्यांनी पेपरातलं भविष्य मोठ्याने वाचलं, "वृश्चिक, घरी परतण्याचा योग. बघ, पोरगा येतोय कतारवरनं!" मी विज्ञानाची बाई, चिडलेच. "अहो, ह्या तारखांच्या राशी जुन्या. आभाळ केव्हाच सरकलंय, सूर्य आज तुळेत आहे." उगाच बोलले.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. सूर्य खरंच वृश्चिकेत असता, तर विंचू त्याच्या उजेडात दिसलाच नसता. पण दिसला. त्याचा तो लाल तारा, समुद्राला टेकलेला. लहानपणी केतन त्याला 'माझा' म्हणायचा. इथे तो मावळतो तेव्हा कतारला दिवेलागण होते. वर बघेल का पोर?

घरी येऊन पेपरातली ती ओळ कापली, या पानाला चिकटवली. ह्यांना सांगणार नाही.